संत नसलेला लेस्ली

सकाळी सात वाजता मार्सेलबाबांनी सुनेला सांगितलं की गेली छप्पन्न वर्षं आपण खोटं बोलत आलो, आणि सुनेने विचारलं, मटणाला वाटण आत्ता लावू की पाहुणी बाई आल्यावर. क्लेमेंटीनला ऐकू आलं नव्हतं असं नाही. हायस्कुलात सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवल्यावर मागच्या बाकावरचंही ऐकू येतं. पण काही वाक्यं अशी असतात की ती ऐकल्यावर हाताला काम लागतं.

"बाय, मिक्सर बंद कर," बाबा म्हणाले. "मी परत नाय सांगनार."

तिने मिक्सर बंद केला. मागच्या ओट्यावर, वाडीतल्या केळींकडे तोंड करून बाबांनी सांगितलं. पाचेक मिनिटं लागली असतील. लेस्ली मेला तेव्हा बाबा त्याच्याजवळ नव्हते. लेस्लीने त्यांना "तू जा" असं कधीच म्हटलं नव्हतं. त्याला जिवंत सोडून ते निघून आले होते, आणि त्याने दिलेला बिल्ला त्यांनी कुठल्याही हपिसात जमा केला नव्हता.

"बाई आली की हेच सांगायचं हाय. मना इंग्लिश तेवढं येत नाय. थॉमस गाळेल, फ्रेडी वाढवेल. तू मास्तरीन. तू जसंच्या तसं सांग."

एक्याऐंशीव्या वर्षी म्हाताऱ्याने आपल्या दोन्ही मुलांचं इतकं नेमकं मूल्यमापन करावं, याचं क्लेमेंटीनला कौतुक वाटलं. त्यानंतर तिला आपला मुलगा, फर्डिनंड, आठवला.

लेस्लीची गोष्ट भुईगावात सगळ्यांना पाठ होती. लढाईत बाबा हिंदी फौजेच्या अॅम्ब्युलन्सचे ड्रायव्हर होते, मलायात. लेस्ली ऑस्ट्रेलियाचा. त्याची स्वतःची मोटार बॉम्बने गेली, म्हणून तो बाबांच्या मोटारीवर दुसरा ड्रायव्हर म्हणून चढला. अकरा दिवस दोघांनी जखमी वाहिले. शेवटी एका पुलापाशी जपान्यांनी वाट अडवली, लेस्लीला गोळी लागली, आणि मरता मरता तो म्हणाला, "मार्सेल, तू जा, तुझं आयुष्य पडलंय." आणि गळ्यातला नाव-नंबराचा फौजी बिल्ला काढून दिला. घरातल्या प्रत्येक लग्नात, दुसऱ्या पेल्यानंतर, बाबा हे सांगत. तिसऱ्या पेल्यानंतर ते कधीच सांगत नसत, हे क्लेमेंटीनच्या आज पहिल्यांदा लक्षात आलं.

तो बिल्ला घरच्या अल्तारावर, मारियामातेच्या पुतळ्यापाशी टांगलेला असे. बाबांनी लढाईवरून आल्यावर तिथे लावला आणि थॉमसच्या आईने विचारलं तेव्हा "लेस्लीचा" एवढंच सांगितलं. आईला चर्चमधले सगळेच संत माहीत होते असं नाही. ती धरून चालली की असेल एखादा फिरंग्यांचा. पोरांना ताप आला की बिल्ला गळ्यात. थॉमसच्या काविळीत होता, फ्रेडरिक मॅट्रिकला दुसऱ्यांदा बसला तेव्हा खिशात होता. क्लेमेंटीन या घरात आली तेव्हा तिने तो पुसायला घेतला आणि वाचला. नंबर, आडनाव, रक्तगट, आणि धर्माच्या जागी मेथडिस्ट. म्हणजे संत तर नव्हेच, धड कॅथलिकही नव्हे. ती काही बोलली नाही. फर्डिनंड चार वर्षांचा असताना त्याला टायफॉइड झाला, त्या आठवड्यात तिने स्वतःच्या हाताने तो बिल्ला त्याच्या गळ्यात बांधला.

आता तोच फर्डिनंड चोवीस वर्षांचा झाला होता, अंधेरीच्या मॉड्युलर किचनच्या कारखान्यात दिवसपाळी-रातपाळी करत होता, आणि त्याला ऑस्ट्रेलियाला जायचं होतं. त्याच्या काकाने, म्हणजे फ्रेडरिकने, यात लक्ष घातलं. फ्रेडरिक विम्याचा एजंट. मेलेल्या माणसाचा जिवंत माणसांना उपयोग कसा करून द्यायचा हा त्याचा धंदाच. त्याने तिकडच्या माजी सैनिकांच्या एका मासिकाला लेस्लीची गोष्ट लिहून धाडली. तीन महिन्यांनी लेस्लीच्या मुलीचं पत्र आलं. वडील गेले तेव्हा ती जन्मायची होती. पुढच्या पत्रात तिने लिहिलं की आमच्या घरामागे एक खोली रिकामी आहे, फर्डिनंडने पहिले सहा महिने तिथे राहावं, अर्जात लागेल तिथे माझं नाव घालावं. माझ्या वडिलांचे डोळे ज्याने मिटले त्याच्या नातवासाठी एवढं मी करीनच. आणि आज ती स्वतः जेवायला येणार होती.

डोळे मिटल्याचा भाग फ्रेडरिकने स्वतःचा घातला होता.

*

आठ वाजता दोघे भाऊ ओट्यावर आले. क्लेमेंटीनने सांगितलं. मग चहा आणून दिला.

"बाबांचं वय झालंय," फ्रेडरिक म्हणाला. "या वयात आठवणी मिसळतात."

"माझ्या नाय मिसळल्या," बाबा म्हणाले. "तू मिसळल्यास. डोळे कोनी मिटले होते?"

"ते भाषेचं सौंदर्य होतं, बाबा."

थॉमस, तिचा नवरा, पोस्टातून निवृत्त झालेला. पत्र उघडून वाचायचं नसतं, पोचवायचं असतं, या तत्त्वावर त्याने चौतीस वर्षं काढली होती. क्लेमेंटीनला वाटलं, हा तरी बापाच्या बाजूने बोलेल. लहानपणापासून बाबांचा हात धरून चर्चला जाणारा हाच. थॉमसने चहाची बशी खाली ठेवली.

"बाबा, एवढी वर्षं गप्प बसलात," तो म्हणाला. "अजून एक जेवण बसा. बाई चारला परत जाणार."

"थॉमस," क्लेमेंटीन म्हणाली.

"काय चुकलं? ती आपल्या बापाच्या मरणाची चांगली गोष्ट ऐकायला साठाव्या वर्षी समुद्र ओलांडून आली. तिला हे सांगून कुणाचं भलं होणार? बाबांचं? त्यांनी फादरकडे जावं, कुमसार करावा. पापाची कबुली द्यायला चर्चमध्ये जागा केलेली आहे. जेवणाच्या टेबलावर नाही."

"कुमसार केला," बाबा म्हणाले. "चार फादरकडं केला. चौघांनी माफ केलं. मंग?"

फ्रेडरिकने दुसरीकडून सुरुवात केली.

"वहिनी, तुमच्या पोराचा प्रश्न आहे. माझ्या नाही. माझी तर तिथे जाऊन मॉड्युलर किचन करणारी पोरं नाहीत. मी कोणासाठी करतोय हे?"

"मला माहीत आहे, फ्रेडी."

"मग तुम्ही शहाण्यासारखं करा. बाबा बोलतील ते बोलतील. इंग्रजीत जे पोचायचं ते तुमच्या तोंडून पोचेल. जिवंत सोडून आले, तेवढं एक वाक्य गाळा."

खरं सांगायचं तर क्लेमेंटीनने मनातल्या मनात ते वाक्य गाळून पाहिलं होतं. गोष्ट अगदी व्यवस्थित उभी राहत होती. विद्यार्थ्याने निबंधात असं केलं असतं तर तिने दहापैकी आठ दिले असते.

*

लेस्लीची मुलगी थेल्मा साडेअकराला आली. उंच, हाडापेराने रुंद, चेहऱ्यावर उन्हाचे तपकिरी डाग, आणि हातात केकचा डबा. दारात ती बाबांसमोर उभी राहिली आणि काय करावं हे दोघांनाही कळलं नाही. शेवटी बाबांनी हात जोडले आणि तिने हात पुढे केला, मग तिने जोडले आणि बाबांनी पुढे केला.

जेवण नीट झालं. तिला तळलेले फुगे फार आवडले. फ्रेडरिकने तिला वसईचा किल्ला, पोर्तुगीज, केळी आणि फर्डिनंडचा स्वभाव यांची माहिती दिली. ती म्हणाली, फर्डिनंडच्या खोलीला तिने नवा पंखा लावून घेतला आहे. क्लेमेंटीनने तिच्या ताटात आणखी एक फुगा वाढला आणि तिच्याकडे पाहिलं नाही.

हात धुऊन सगळे पुढच्या खोलीत बसले. थेल्माने पर्समधून एक फोटो काढला. टोपीची एक बाजू दुमडलेला, दात पुढे आलेला, हसरा माणूस.

"एवढा एकच आहे," ती म्हणाली. "मेंढ्यांची लोकर कातरायचा. नंतर गावात दुधाची मोटार चालवायचा. मग फौजेत गेला. लग्नाला सात महिने झाले होते. आईला आधी तार आली की बेपत्ता. चार वर्षांनी कागद आला की मृत मानण्यात येत आहे. आई म्हणायची, त्यांना मानायचं असेल तर त्यांनी मानावं. तिने मानलं नाही. तिला वाटायचं डोक्याला मार लागून तो सगळं विसरला असेल, कुठेतरी असेल. दोन चांगल्या माणसांनी तिला मागणी घातली होती. एकाहत्तर साली ती वारली, तोवर वाट पाहत होती."

क्लेमेंटीनने हे बाबांना मराठीत सांगितलं. काही गाळलं नाही. बाबा ऐकत होते, आणि ऐकताना त्यांचा खालचा जबडा हलत होता, जणू तोंडात काही कडक सापडलं आहे आणि ते पाहुण्यांसमोर थुंकता येत नाही.

मग ते उठले. अल्ताराच्या खोलीत गेले, बिल्ला काढून आणला आणि थेल्माच्या हातात ठेवला.

"त्यानं हा दिला," बाबा म्हणाले. "म्हनाला, हपिसात दे. बायकोला कळूदे. मी नाय दिला."

क्लेमेंटीनने तोंड उघडायच्या आत फ्रेडरिक इंग्रजीत बोलला. "बाबा म्हणतात, तुमच्या वडिलांनी आठवण म्हणून हा दिला आणि सांगितलं, तू जा."

"नो," बाबा म्हणाले. एवढं इंग्रजी त्यांना येत होतं.

थेल्माने फ्रेडरिककडे पाहिलं, मग बाबांकडे, मग क्लेमेंटीनकडे. क्लेमेंटीन खुर्चीत सरळ झाली. आवाज वर्गातला लागला, स्वतःलाच अनोळखी वाटावा इतका स्वच्छ.

"माझे दीर चुकीचं सांगत आहेत. बाबा म्हणाले, तुमच्या वडिलांनी हा बिल्ला ऑफिसात जमा करायला दिला होता. तुमच्या आईला कळावं म्हणून. बाबांनी तो जमा केला नाही."

"वहिनी," फ्रेडरिक मराठीत म्हणाला, "पोराच्या ताटात माती कालवताय."

"बस, फ्रेडी." हे थॉमस बोलला. इतका वेळ तो भिंतीला टेकून होता. आता सरळ झाला होता. "बाबांना बोलू दे."

"सकाळी तूच म्हणाला होतास."

"तिची आई एकाहत्तर सालापर्यंत वाट पाहत होती हे मला सकाळी माहीत नव्हतं."

बाबा बोलू लागले. एकेक वाक्य बोलून थांबत, ती इंग्रजीत सांगून होईपर्यंत जमिनीकडे बघत, मग पुढचं. पुलावर वाट बंद होती. पेट्रोल संपलं होतं. लेस्लीला पोटात गोळी लागली होती आणि मागे आणखी सहा जखमी होते. साहेबाचा हुकूम झाला, ज्यांना चालता येतं त्यांनी रबराच्या बागेतून निघायचं. जखमींना तिथेच ठेवायचं होतं. सकाळी सांगितलं होतं ते सगळं याच क्रमाने आलं आणि क्लेमेंटीनने ते याच क्रमाने पुढे दिलं. तिला वाटलं, झालं आता, एवढंच.

"मंग त्यानं पानी मागितलं," बाबा म्हणाले.

हे सकाळच्या पाच मिनिटांत नव्हतं.

"मी बोललो, आनतो. पानी आनतो म्हनून मी मोटारीतून उतरलो." बाबांनी आपल्या कमरेला, सदऱ्यावरून हात लावला. "पानी हितं होतं. बाटली भरलेली होती. दिलं असतं तर त्याला पाजवत बसावं लागलं असतं, आनि बाकीचे सहा होते, आनि लोक निघाले होते. म्हनून बोललो, आनतो. तो बोलला, गुड ऑन यू."

फ्रेडरिक पंख्याकडे बघत होता. थॉमसने डोळे मिटले होते. थेल्मा क्लेमेंटीनच्या तोंडाकडे पाहत थांबली होती. शेवटचे तीन शब्द, तिच्या देशातली शाबासकी, सोडले तर तिला अजून काहीच पोचलं नव्हतं. क्लेमेंटीनच्या लक्षात आलं की या क्षणी तिला कोणीच काही सांगणार नाही, गाळ म्हणून नाही आणि सांग म्हणूनही नाही. एका बाईच्या बापाचं शेवटचं पाणी तिच्या जिभेवर होतं, आणि एक खोली होती, नवा पंखा लावलेली.

तिने सांगितलं. बाटली भरलेली होती हेही सांगितलं.

थेल्मा उठली आणि ओट्यावर गेली. कोणी तिच्यामागे गेलं नाही. आतून ती पाठमोरी दिसत होती, एका हातात बिल्ला. बाबा तसेच बसून होते.

"हपिसात का नाय दिला, ते सांगितलं नाय," ते म्हणाले.

"का नाही दिला?" थॉमसने विचारलं.

"लायनीत उभा होतो. शेचाळीस साल, लढाईवरून घरी आलो तवा. नंबर आला. कारकून बोलला, काय हाय. मना वाटलं, हा देईन तर विचारनार, तू सोबत होतास, मंग तू कसा आलास. मी बोललो, काय नाय, शिक्का मारा. मंग वाटलं पुढच्या महिन्यात जाईन."

*

वीसेक मिनिटांनी थेल्मा आत आली. तोंड धुतलेलं होतं. ती बसली नाही.

"तारीख कोणती होती?" तिने विचारलं. "कागदावर जानेवारी एवढंच आहे. आईच्या थडग्यावर त्याचं नाव घातलं तेव्हा तारखेची जागा कोरी सोडावी लागली."

क्लेमेंटीनला हे बाबांना विचारायची गरज नव्हती. तारीख तिला माहीत होती. तारीख सगळ्या गावाला माहीत होती. वीस जानेवारी, संत सेबॅस्टियनचा सण. दर वर्षी त्या दिवशी चर्चमध्ये सकाळच्या मिस्सेच्या आधी फादर मृतांची नावं वाचत, आणि त्यात, गावातल्या लोकांच्या मधोमध, "मार्सेल यांच्याकडून लेस्ली यांच्या आत्म्याच्या चिरशांतीसाठी" असं असे. छप्पन्न वर्षं. गेली वीस वर्षं लाउडस्पीकरवरून. यंदाची चिठ्ठीही बाबांनी नाताळातच देऊन ठेवली होती. जे त्या बाईच्या आईला मरेपर्यंत कोणी सांगितलं नाही, ते भुईगावात दर वर्षी केळीच्या वाड्यांमधून, झोपलेल्यांनासुद्धा ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं जात होतं.

तिने ते सगळं थेल्माला सांगितलं. सांगताना पहिल्यांदाच तिचा वर्गातला आवाज मोडला.

"त्याचा देवावर विश्वास नव्हता," थेल्मा म्हणाली. "आई म्हणायची, चर्च लग्नाला आणि पाऊस लागला तर आडोशाला."

क्लेमेंटीनने भाषांतर केलं. बाबांनी मान डोलावली. "माहीत हाय. बोलला होता. पन मना दुसरं काय करता येत नव्हतं."

थेल्मा बाबांसमोर उभी होती. "त्यांना सांगा, मी ‘काही हरकत नाही’ असं म्हणू शकत नाही. पुढे कधी म्हणू शकेन की नाही, तेही माहीत नाही."

"बरं," बाबा म्हणाले. "तिला सांग, ते मी मागितलं नव्हतं."

"आणि मुलाच्या खोलीचं," थेल्मा क्लेमेंटीनला म्हणाली, "मला आज विचारू नका."

"नाही विचारणार," क्लेमेंटीन म्हणाली. आपल्या आवाजात राग नाही हे तिला जाणवलं; तो कदाचित उद्या येईल, फर्डिनंड पाळीवरून घरी आला की. फ्रेडरिक उठून चपला शोधू लागला. गाडीवाल्याला लवकर बोलावतो, असं काहीसं पुटपुटला.

थेल्माने त्याला हाताने थांबवलं. मग तिने भिंतीजवळची खुर्ची उचलली, बाबांच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ मांडली, आणि बसली.

"पत्रात लिहिलं होतं, ते अकरा दिवस बरोबर होते," ती म्हणाली. "हे खरं आहे?"

"अकरा," बाबा म्हणाले, भाषांतराची वाट न बघता.

"मी त्याला एकही दिवस पाहिलेला नाही. आईने सात महिने पाहिलं, आणि सांगून सांगून ते सात महिने गुळगुळीत करून टाकले. तुम्ही मला एक दिवस सांगितलात. बाकीचे दहा सांगा."

क्लेमेंटीनने सांगितलं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, जणू तिने वाक्यात काही भर घातली असावी अशी शंका आली. बाकीचे दहा दिवस आजवर कोणी त्यांना विचारले नव्हते. चार फादरांनीही नव्हते. शेवटच्या दिवसाच्या पलीकडे, इतक्या वर्षांत, ते स्वतःही गेले नव्हते.

"काय सांगू?"

"पहिल्या दिवसापासून. तो मोटारीत चढला तेव्हा काय म्हणाला?"

बाबा विचार करत राहिले. थॉमसने आत जाऊन चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. त्याच्या अठ्ठावीस वर्षांच्या संसारातली ही पहिलीच वेळ. चार वाजायला अजून दीड तास होता आणि गाडीवाल्याला कोणीच फोन केला नव्हता.

"मी गेअर चुकीचा टाकला," बाबा हळूहळू म्हणाले. "मोटार खड्ड्यात गेली. त्यानं मना शिवी दिली."

"कोणती?" थेल्माने विचारलं.

बाबांनी सुनेकडे पाहिलं, सून म्हणून आणि मास्तरीण म्हणूनही, आणि मग साठ वर्षांत प्रथमच, ती शिवी जशी ऐकली होती तशी, पुढच्या दातांतून हवा सोडत, उच्चारली. ती इंग्रजीतच होती. क्लेमेंटीनला काही करावं लागलं नाही.

थेल्माने फोटोतल्या दातांकडे पाहिलं. "मग?" ती म्हणाली.

"मंग आम्ही दोघांनी मिळून ती बाहेर काढली," बाबा म्हणाले.